लसणाने एमआरएसए मेला, पण कुठे?

काचबशी: काल इथे एकाने लिहिलं, 'लसणाच्या अर्काने एमआरएसए मरतो, आता अँटिबायोटिकऐवजी हेच.' एमआरएसए म्हणजे अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू. राहवलं नाही म्हणून लिहितेय. मेला कुठे? बशीत. प्रयोगशाळेतल्या बशीत तो फिनाईलनेही मरतो! लसणातलं जंतू मारणारं द्रव्य, अ‍ॅलिसिन, १९४४ सालीच वेगळं काढलंय. त्याचं पोटातून घ्यायचं औषध झालं नाही, कारण ते रक्तात टिकत नाही. बहुतेक वनस्पतिज संयुगांना जंतू रोखायला मिलिलिटरमागे शेकडो मायक्रोग्रॅम लागतात. चांगल्या अँटिबायोटिकला एक-दोन पुरतात. बाबांच्या पायाच्या जखमेवर कुणाचं तरी ऐकून आम्ही रात्री लसूण वाटून बांधला. सकाळी पट्टी सोडली तर कडेची कातडी पांढरी पडून सोलवटलेली.

रानवाट: बाबांचं ऐकून वाईट वाटलं. पण वाटलेला लसूण म्हणजे संशोधन नव्हे. बर्बेरिनचं उदाहरण घ्या, दारुहळदीच्या जातीतल्या (बर्बेरिस) झुडपांतलं द्रव्य. स्टॅफिलोकोकस ते आपल्या पेशीतून नॉर-ए नावाच्या पंपाने बाहेर फेकतो, म्हणून एकटं ते दुबळं. पण बर्बेरिसच्या काही झुडपांत मेथॉक्सीहिड्नोकार्पिन नावाचं दुसरं द्रव्यही असतं. ते स्वतः जंतू मारत नाही, पंप अडवतं. २००० साली हे दाखवलंय. तुम्ही एकेक रेणू सुटा काढून 'निकामी' ठरवता.

निशा: पंपावर काय भांडताय, आधी कल्चरचं बोला, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून कोणतं औषध चालेल ते पाहण्याच्या तपासणीचं! आईच्या लघवीच्या संसर्गावर तीनदा अँटिबायोटिक बदललं, कल्चर एकदाही नाही. चौथ्यांदा मी अडून बसले. अहवालात बारापैकी नऊ औषधांपुढे 'आर', म्हणजे जंतू त्यांना दाद देत नाही.

काचबशी: डॉक्टरांना झोडपणं सोपं असतं. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर तापलेल्या पेशंटला बसवून ठेवायचं?

निशा: बसवून ठेवा असं मी कुठे म्हटलं? नमुना आधी घ्या, मग गोळी द्या. बाटली भरायला पाच मिनिटं लागतात. माझ्या आईने सात आठवडे काढलेत, मला 'सोपं' शिकवू नका.

काचबशी: शब्द चुकला, मागे घेते. नमुना आधी, हे बरोबरच आहे.

रानवाट: आणि बर्बेरिनचं काय?

काचबशी: मान्य, नाइलाजाने. पण जंतूंचा पंप अडवणारं एकही औषध अजून दवाखान्यात पोचलेलं नाही. पोचलं तरी अँटिबायोटिकच्या सोबतच द्यावं लागेल.

रानवाट: मग मी तरी काय म्हणतोय? 'ऐवजी' हा शब्द कालच्या पोस्टवाल्याचा. त्याचा राग माझ्यावर काढू नका.