चार वर्षे सभागृह नव्हते, म्हणून गावाचे काय बिघडले?

कळशी :
परवा 'नदीकाठ' यांनी लिहिले की, डिसेंबर 2021 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यापासून 2 डिसेंबर 2025 च्या मतदानापर्यंत आपली नगरपरिषद प्रशासकाच्या हाती होती, सभा नव्हती, भांडणे नव्हती, आणि तरीही गावाचे काहीच बिघडले नाही. काय बिघडले ते मी सांगते.

मागच्या सभागृहाच्या काळात आमच्या गल्लीला पाचव्या दिवशी सकाळी सातला पाणी येत असे. प्रशासकाच्या काळात ते आठव्या दिवशी, पहाटे तीनला येऊ लागले. व्हॉल्व्हमनला विचारले तर तो हात जोडून म्हणाला, "ताई, मला वेळापत्रक वरून मिळते." हे 'वर' कोठे आहे, ते शोधत मी पाणीपुरवठा विभागात तीन हेलपाटे घातले आणि शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. हाती आलेल्या प्रतीत 'सूचक' आणि 'अनुमोदक' या दोन्ही शब्दांपुढे नुसती रेघ होती. खाली प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांचा, मंजुरी प्रशासकांची, आणि दोन्ही सह्या एकाच हातच्या, कारण दोन्ही पदे एकाच अधिकाऱ्याकडे होती. पाण्याच्या पाळीसारख्या विषयावर गावातल्या एकाही माणसाला "का?" असे विचारण्याची जागा उरली नाही, याला मी बिघडणे म्हणते.

नदीकाठ :
ताई, तो मजकूर माझाच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. आपण ज्या सभागृहाची आठवण काढता, त्याच्या सभा मी प्रेक्षकांच्या बाकावर बसून पाहिलेल्या आहेत. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होणे तर नेहमीचेच होते. विषयपत्रिकेवर घंटागाडी, पथदिवे, दहनशेडची दुरुस्ती असे विषय असत आणि खरी कंत्राटे 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत' मंजूर होत. माझ्या दारासमोरची गटार तुंबून सांडपाणी थेट ओट्याला लागत होते. त्या पाच वर्षांत मी नऊ अर्ज दिले आणि प्रत्येक वेळी 'निधी उपलब्ध होताच' असे उत्तर मिळाले. प्रशासकांनी मात्र एकदा स्वतः येऊन पाहिले आणि दोन महिन्यांत गटार बांधून दिली. मी कोणाचे उपकार मानावेत, हे मला शिकवू नये.

माजी सदस्य :
मी त्याच सभागृहात होतो, म्हणून गप्प बसणे मला जमणार नाही. पहाटे पाचला मेलेले कुत्रे उचलायला कोणाला फोन येतो? प्रशासकाला नव्हे. आणि निधीचे म्हणाल, तर जकात गेल्यापासून आपल्यासारख्या लहान, क वर्ग नगरपरिषदेचे पगार आणि निवृत्तिवेतन राज्य शासनाच्या सहायक अनुदानावर चालतात, ते उशिरा आले की सफाई कामगारांचा पगार लांबतो. वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित असतो, तो रस्त्याला वापरता येत नाही. सभागृहाने हौसेने गटारी अडवल्या, असे म्हणणे हा अन्याय आहे.

आयत्या वेळच्या विषयांबद्दल मात्र 'नदीकाठ' यांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. अशा एका ठरावाला अनुमोदक म्हणून माझेच नाव आहे. मी तो वाचला नव्हता.

उंबरा :
पाणी आणि गटार यांच्या गोंधळात घरपट्टी विसरू नका. चतुर्वार्षिक आकारणी, म्हणजे दर चार वर्षांनी होणारी घरपट्टीची फेरआकारणी, प्रशासकाच्या काळात झाली. माझ्या आईच्या दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी यांची घरपट्टी एका झटक्यात दुपटीवर गेली, कारण पडवीची नोंद 'पक्के बांधकाम' अशी झाली. मोजणीला आलेला मुलगा दारातूनच फोटो काढून गेला, हे शेजाऱ्यांनी पाहिले आहे. आम्ही हरकत घेतली, सुनावणीला आई काठी टेकत गेली, आणि निकाल येईपर्यंत थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढत राहिली. वर्षाला 24 टक्के! सावकारही इतके लावताना विचार करतो.

नदीकाठ :
शास्ती कायद्यात आहे, ती प्रशासकाने घरून आणलेली नाही. मी 31 मार्चच्या आत दरवर्षी घरपट्टी भरतो. लोक वर्षानुवर्षे थकवतात, मग माफीची वाट पाहतात, आणि पाणी आले नाही की ओरडतात. अशा लोकांमुळेच नगरपरिषद कंगाल आहे.

उंबरा :
'अशा लोकांत' माझी आई येत नाही. तिच्या पेटीत 1987 पासूनच्या पावत्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या आहेत, आपण येऊन मोजाव्यात. चुकीच्या नोंदीवर हरकत घेणे म्हणजे थकवणे नव्हे. हे शब्द आपण मागे घ्यावेत.

माजी सदस्य :
नोंदीबाबत उंबरा यांचे बरोबर आहे. सभागृह असते तर प्रभागातल्या दोन्ही सदस्यांच्या दारात शंभर बायका उभ्या राहिल्या असत्या आणि पडव्यांची फेरमोजणी झाली असती. मते हवी असतात, म्हणून का होईना, ऐकावे लागते.

नदीकाठ :
आईंविषयीचे शब्द मी मागे घेतो, बाकीचे नाही. निवडून आलेले ऐकतातच, हे मात्र मला मान्य नाही. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला आणि तो कागदावरच ठेवला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ते पाणी हाती घेतले, तेव्हा त्याच नगरपालिकेने 4 ऑगस्टला ठराव रद्द केला. न्याय शेवटी 1937 मध्ये उच्च न्यायालयात मिळाला. मतांच्या भीतीने सभागृह माघारही घेते.

कळशी :
घेते, हे मला मान्य करावेच लागेल, आणि महाडचे उदाहरण मनाला लागले. पण आपण ज्या दोन ठरावांचा उल्लेख केलात, ते दोन्ही लोकांसमोर होते, म्हणून पहिल्यावर बोट ठेवून तळ्यावर जाता आले आणि दुसऱ्याविरुद्ध उभे राहता आले. आमचे पाणी पहाटे तीनवर गेले, तो ठराव झाला आहे हे कळायलाच मला तीन महिने आणि एक अर्ज लागला. सभागृह चांगलेच असते, असे मी म्हणत नाही. चुकलेल्या निर्णयाला माझ्या गल्लीत राहणारा, नाव घेऊन हाक मारता येईल असा माणूस जबाबदार असावा, एवढे मी मागते आहे.

नदीकाठ :
मग नव्या सदस्यांकडून आयत्या वेळचे विषय बंद करून घ्या आणि कार्यवृत्त, म्हणजे सभेत काय ठरले त्याची नोंद, सभेनंतर आठ दिवसांत सूचनाफलकावर लावायला लावा. तेवढे झाले, तर मी माझे वाक्य दुरुस्त करीन. त्याआधी नाही.

कळशी :
पाण्याच्या पाळीचा अर्ज काल आमच्या प्रभागातल्या दोन्ही सदस्यांच्या हाती दिला आहे, पोच घेतली आहे. कार्यवृत्ताची मागणी दुसऱ्या अर्जात घालते. त्यावर आपलीही सही हवी आहे, 'नदीकाठ'.

नदीकाठ :
अर्ज आणा. वाचून सही करीन.