मदत हवी आहे: ‘सौम्यता’ गावात कशी समजावून सांगू?

सर्वांना सलाम. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, ख्रिस्ती मंडळी लहान, वीस-बावीस माणसं. येत्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी आहेत, म्हणून वचन सांगायची पाळी माझ्यावर आली. विषय बायबलातलं गलतीकरांस पत्र 5:22-23, आत्म्याचं फळ. प्रेषित पौल तिथं नऊ गुण मोजतो, पण शब्द ‘फळ’ एकवचनी आहे, म्हणजे आवडेल ते एक तोडून घ्या असं नाही. इथवर जमतं.

ढोंग समजवायला बोंडअळी पुरते. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी अन् सडकी सरकी. मत्तय 23 मधल्या, बाहेरून देखण्या पण आत हाडं असलेल्या, चुना लावलेल्या कबरीपेक्षा हे लवकर कळेल.

अडलं ते नऊ गुणांमधल्या ‘सौम्यता’वर. आमच्याकडे सौम्य म्हणजे भित्रा. त्यात माझंच धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण चालू आहे. शेजाऱ्यानं नांगरताना नांगराचे दोन तास (ओळी) माझ्या शेतात सरकवले, अन् मी सगळ्या मंडळीच्या देखत त्याला नको ते बोललो. आता मीच उभा राहून ‘सौम्य ते पृथ्वीचे वतन भोगतील’ वाचणार! मागच्या बाकावरचे म्हातारबा हसतीलच.

मोशे अत्यंत नम्र होता असं गणना 12:3 मध्ये आहे, अन् तोच मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, ताठ उभा राहिला. हे उदाहरण चालेल का? की आधी माझी चूक कबूल करून सुरुवात करू? धुऱ्यासाठी जमीन मोजणीचा अर्ज दिलाय, तो मागे घ्यायचा की राहू द्यायचा, तेही सांगा. ज्यांनी हा भाग शिकवलाय त्यांनी शनिवारपर्यंत लिहा.