शब्दचर्चा : लॅपटॉपवर युनिक्स म्हणायचं, आत म्हणायचं की शेजारी?

प्रश्न
कॉलेजच्या मुलांसाठी मराठीतून टिपणं लिहितोय, विंडोजच्या लॅपटॉपवर युनिक्स (एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) एन्व्हायर्न्मेंट कसं उभं करायचं त्याबद्दल. पहिल्याच ओळीत अडलोय. एन्व्हायर्न्मेंटला काय म्हणू? पर्यावरण म्हटलं की मुलांना झाडं नि प्रदूषण आठवणार, वातावरण म्हटलं की पाऊसपाणी. कुणी काही वापरलंय का?

प्रतिसाद
मी "सरंजाम" म्हणते. पूजेचा सरंजाम म्हणतो ना आपण, तसा युनिक्सचा सरंजाम, म्हणजे कमांड वाचणारा शेल, ग्रेप, सेड, ऑक ही मजकूर शोधायची-बदलायची छोटी साधनं, कंपायलर, आणि एका स्लॅशपासून सुरू होणारं फायलींचं झाड, हे सगळं एकत्र. पण एक लक्षात घ्या, युनिक्समध्ये याच शब्दाचा दुसरा, अगदी नेमका अर्थ आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, आपल्या पालक प्रोसेसकडून नाव आणि किंमत अशा जोड्या मिळतात, पाथ, होम वगैरे, त्या जोड्यांनाही एन्व्हायर्न्मेंटच म्हणतात. तिथे सरंजाम चालणार नाही, तिथे सरळ एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलच लिहा, मुलं तेच बोलतात.

प्रतिसाद
सरंजाम आवडला. पण मला त्या नामापेक्षा तुमच्या वाक्यातलं "लॅपटॉपवर" जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण सगळ्याला "वर" लावतो आणि तिथेच मुलांचा घोळ होतो, कारण प्रकार वेगवेगळे आहेत.

सिगविन घ्या. ती विंडोजवरची एक लायब्ररी आहे, युनिक्सचे प्रोग्राम तिच्यासाठी नव्याने कंपाइल करावे लागतात आणि मग ते विंडोजचे प्रोग्राम म्हणूनच चालतात. इथे "विंडोजवर" बरोबर. डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या मशीनवर लिनक्स, ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम, चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. २०१६ ला आलेल्या पहिल्या डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्सचा प्रोग्राम जसाच्या तसा चालायचा पण लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नव्हताच, प्रोग्रामने कर्नलकडे काही मागितलं की मधे एक दुभाष्या बसवून विंडोज ते पुरवायची. इथे "आत" म्हटलं तरी चालेल. डब्ल्यूएसएल दोन मात्र वेगळंच प्रकरण आहे, त्यात खरा लिनक्स कर्नल एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो, आणि खाली हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, असतो ज्याच्यावर विंडोज स्वतःही बसलेली असते. म्हणजे दोघं शेजारी आहेत! वर नाही, आत नाही.

हे नुसतं व्याकरण नाही बरं का. "विंडोजच्या आत लिनक्स" असं वाचलेला मुलगा प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवतो आणि लिनक्समधून उघडतो, मग गिट आणि एनपीएम ही कोड सांभाळायची नि पॅकेजेस आणायची साधनं रेंगाळतात, कारण प्रत्येक फाइल शेजारच्या घरातून मागून आणावी लागते. "शेजारी" असं लिहिलं की फायली लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवायच्या हे सांगायला वेगळा परिच्छेद लागत नाही.

प्रश्नकर्ता
हे फारच उपयोगी, "शेजारी" घेतोच. आता शेल आणि टर्मिनल? मुलं दोन्ही एकच समजतात.

प्रतिसाद
टर्मिनल म्हणजे मुळात यंत्र, टाइप करायचं आणि कागदावर छापून देणारं. युनिक्समध्ये टर्मिनलला टीटीवाय म्हणतात ते नाव त्या यंत्राचं, टेलिटाइपचंच, आणि टीटीवाय कमांड आजही चालते. मॉडेल ३३ टेलिटाइप सेकंदाला १० अक्षरं छापायचं, एलएस, सीपी, एमव्ही एवढ्याशा कमांड का ते त्यावरून कळतं. आज त्या यंत्राची नक्कल करणारी खिडकी म्हणजे टर्मिनल, आणि तुम्ही टाइप केलेलं वाचून त्याचा अर्थ लावणारा आतला प्रोग्राम म्हणजे शेल, बॅश किंवा झेडशेल. खिडकी तीच ठेवून शेल बदलता येतो, हे मुलांना एकदा करून दाखवा, व्याख्येची गरज पडणार नाही.

मराठी शब्दच हवा असेल तर शेलला "कवच" नको, कवच रक्षणासाठी असतं, शेलचं काम ते नाही. कर्नल म्हणजे गर आणि शेल म्हणजे त्याच्यावरचं टरफल, एवढाच त्या जोडीचा भाव आहे. मी मात्र शेल आणि कर्नल असेच ठेवीन.

प्रतिसाद
एक भर घालतो, मॅकवाल्यांसाठी. मॅकवर युनिक्स "बसवतात" असं लिहू नका. २००७ च्या लेपर्डपासून मॅकला युनिक्स हे नाव लावायचं अधिकृत प्रमाणपत्र आहे, तिथे ते आहेच, फक्त टर्मिनल उघडायचं. उलट लिनक्स रूढ अर्थाने युनिक्ससारखं, ते नाव त्याचं नाही. म्हणून टिपणांत जिथे उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायला सांगताय तिथे लिनक्सच लिहा. आणि मॅकचा सेड बीएसडी या युनिक्सच्या शाखेतला, लिनक्समधला ग्नू प्रकल्पाचा, फाइल जागच्या जागी बदलायचा ऑप्शन दोघांचा वेगळा लिहावा लागतो. वर्गात दोन्ही लॅपटॉप असतील तर ती ओळ दोनदा द्या.