आल्प्समधलं एखादं छोटं गाव सुचवा (सोबत आईबाबा आणि नऊ वर्षांची लेक)

रानवाट:
नमस्कार मंडळी. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात स्वित्झर्लंडला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, लेक आणि आईबाबा. बाबा 71 चे आहेत, पण रोज पर्वती चढतात. आईचा मात्र गुडघा दुखतो. रोज सकाळी बॅगा भरून नवं शहर गाठायचं, अशी सहल नको आहे. एकाच गावात पाच-सहा रात्री राहून भरपूर चालायचंय. सगळे शाकाहारी. कुठे जावं?

सह्यकडा:
कांडरश्टेग. दुसरा विचार करू नका.

समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटरवर, तिन्ही बाजूंनी कडे असलेलं दरीच्या वरच्या टोकाला वसलेलं गाव. बर्नहून थेट गाडी आहे, सव्वा तासात पोचता. 2007 मध्ये डोंगराच्या खालून नवा रेल्वे बोगदा झाला आणि दक्षिणेच्या ब्रिग शहराकडच्या वेगवान गाड्या तिकडून जाऊ लागल्या. जुन्या रेल्वे घाटमार्गावरच्या या गावाला त्यामुळे निवांतपणा मिळाला.

पहिल्याच दिवशी ओशिनेनचं तळं. गंडोल्याने (छोट्या डब्यांच्या रोपवेने) वर जायचं, तिथून अर्धा तास रमतगमत चालायचं. दरड कोसळून नदी अडली आणि हे तळं झालं. पाणी बाहेर वाहताना कुठेच दिसत नाही, जमिनीखालून झिरपून जातं. समोर ब्ल्युम्लिसआल्पची हिमशिखरं. तिथला निळा रंग फोटोत उतरत नाही, मी तीन वेळा प्रयत्न करून पाहिला. गंडोल्याच्या वरच्या टोकाला उन्हाळी घसरगाडी आहे, लेक खूश होईल. पावसात ती बंद असते.

बाबांना आणि तुम्हाला ह्योयबेर्गची वाट. ती तळ्याच्या वरून, जवळपास 1940 मीटरवरून जाते, आणि अख्खं तळं पायाखाली दिसतं. आम्ही दुपारी एकला निघालो ही चूक झाली. तीनला ढग उतरले, गडगडाट सुरू झाला आणि अर्ध्यातून परतावं लागलं. सकाळी आठला वाटेवर असा. आणि तळ्याच्या वर श्पिट्झे श्टाइन नावाचा डोंगर सरकतोय, त्यामुळे काही वाटा बंद ठेवतात. गंडोल्याच्या तिकीट खिडकीवर विचारूनच निघा.

आरेकाठ:
बर्नमध्ये राहते, म्हणून थोडी भर घालते. चालायच्या वाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असतो, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. लेकीसोबत असाल तर दीडपट धरा. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. त्यावर घोट्याला आधार देणारे बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर त्या वाटेला जाऊच नका.

कुरणातून जाताना वाटेवर वीज सोडलेली तार आडवी असते. तिची प्लॅस्टिकची मूठ धरून आकडा काढायचा, पलीकडे गेलं की परत अडकवायचा. गाई बाहेर पडल्या तर शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. वासरू जवळ असेल तर गाईपासून लांबून जा.

गावातल्या लाकडी पन्हाळ्यांचं पाणी गोड असतं, बाटल्या भरून घ्या. पाटीवर मनाई असेल तिथे मात्र नको.

रानवाट:
खूप आभार! आईचं काय करू? आणि लाउटरब्रुनेन सगळे सांगतात, ते राहू देऊ का?

सह्यकडा:
लाउटरब्रुनेन सुंदरच आहे, 297 मीटरचा श्टाउबबाख धबधबा गावातूनच दिसतो. पण जुलैत गर्दी फार. एका दिवसात पाहून या.

ताई, आईंसाठी तळ्यापर्यंत विजेची छोटी गाडी असते. एक दिवस सगळ्यांनी केबलकारने सुनब्युएलला जा. वरचं पठार बरंच सपाट आहे, आई आरामात फिरतील. बाबांना पुढे गेम्मी खिंडीपर्यंत न्या, साधारण 9 किलोमीटर. वाटेत श्वारेनबाखला खायला मिळतं. ही बर्न आणि वालिस या दोन प्रांतांमधली जुनी व्यापारी वाट. खिंडीतून पलीकडे केबलकार लॉयकरबाडला उतरवते, तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत.

राहायला स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. रविवारी दुकानं बंद असणार असं धरून शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा. तूरडाळ, गोडा मसाला आणि छोटा कुकर घरून.

रानवाट:
कुकर बॅगेत गेला! आज रात्रीच घरं बघते.