९० लाखांत घर: जुनं कोथरूड की वाढती वाघोली?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कर्वेरोडकर

पुण्यात ९० लाखांच्या आसपास बजेट असलं की बहुतेकांची गाडी दोन ठिकाणी येऊन थांबते. कोथरूडमध्ये डहाणूकर किंवा भुसारी कॉलनीच्या बाजूला तीस वर्षांच्या इमारतीतली, समजा ६५० चौरस फूट कार्पेटची टूबीएचके. नाहीतर वाघोलीत केसनंद रस्ता, आव्हाळवाडी या पट्ट्यात बांधकाम चालू असलेल्या टॉवरमधली ९०० कार्पेटची थ्रीबीएचके.

माझं मत कोथरूडच्या बाजूनं, आणि ते भावनेतून आलेलं नाही. घराची किंमत दोन गोष्टींची असते, जमिनीची आणि बांधकामाची. बांधकाम दरवर्षी जुनं होतं, भाव वाढतो तो जमिनीचा. १,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर १६ फ्लॅटची जुनी सोसायटी असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ६२ चौरस मीटर जमीन येते. चार एकरांवर ६०० फ्लॅट असतील तर २७. म्हणजे वाघोलीत जास्त भिंती मिळतात आणि कोथरूडमध्ये जास्त जमीन. त्याशिवाय पालिकेचं पाणी, ड्रेनेज, फूटपाथ, दवाखाने, शाळा हे सगळं आज आहे. वाघोलीत त्यातलं बरंचसं ‘येणार आहे’.

वाघोली ३० जून २०२१ ला इतर २२ गावांबरोबर पालिका हद्दीत आली. पण बांधकाम परवानगीचं काम पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ठेवलं गेलं. परवानगी देणारा एक आणि पाणी-रस्ते द्यायची जबाबदारी दुसऱ्याची, यात फ्लॅटधारक कुठे अडकतो ते वेगळं सांगायला नको.

खराडीफाटा

जमिनीचा हिशेब देखणा आहे, पण त्यात एक गृहीतक लपलंय: ती जमीन सोसायटीच्या नावावर आहे. कोथरूडमधल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलंच नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालक किंवा बिल्डर दिसतो. त्या सोसायटीतले ६२ चौरस मीटर कागदावर तुमचे नाहीत.

दुसरं म्हणजे ‘वाढता भाग’ हे दूषण कधीपासून झालं? चाळीसेक वर्षांपूर्वी कोथरूडही गावाबाहेरच होतं, आणि तेव्हा पेठांतले लोक तिकडे जाणाऱ्यांना हेच सगळं ऐकवायचे. ज्यांनी तेव्हा धीर धरला त्यांच्या जोरावर आज तुम्ही भाव सांगताय.

खराडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी असलेल्या जोडप्यानं रोज सगळं शहर आडवं कापून का यायचं? वाघोलीतून खराडी सहा-सात किलोमीटर. लिफ्ट, दोन कव्हर्ड पार्किंग, जनरेटर बॅकअप, मुलांना खेळायला आवार, हे जुन्या चार मजली इमारतीत पैसे मोजूनही मिळत नाही.

कर्वेरोडकर

सहा-सात किलोमीटर हे नकाशावर. नगर रोडला सकाळी नऊ वाजता ते वेळेत मोजा.

टँकरवही

दोघंही पाण्यावरून घाईत पुढे गेलात, म्हणून सविस्तर लिहितो.

शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी १३५ लिटर. २०० फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर रोज १ लाख ८ हजार लिटर लागतात. १०,००० लिटरचे अकरा टँकर. बोअरनं थोडा भार उचलला तर सात-आठ, पण एप्रिलनंतर बोअर खोल जातं आणि पुन्हा अकरावर येतं. टँकर १,००० रुपयांना धरा: महिन्याला ३ लाख ३० हजार, घरटी १,६५० रुपये. मेंटेनन्स वेगळा. उन्हाळ्यात टँकरचा दर हमखास चढतो, कारण तेव्हा सगळ्यांनाच हवा असतो.

बिल्डर परवानगी घेताना हमीपत्र देतो की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू. ताबा दिल्यावर आणि सोसायटी स्थापन झाल्यावर हा खर्च गुपचूप मेंटेनन्समध्ये सरकतो. म्हणून परवानगीच्या पत्रातल्या अटी मागून घ्या, हमीपत्राची प्रत मागा आणि करारनाम्यात ‘पालिकेचा पुरवठा सुरू होईपर्यंत पाण्याचा खर्च प्रवर्तकाचा’ (म्हणजे बिल्डरचा) असं वाक्य घालायचा आग्रह धरा. बहुतेक बिल्डर नाही म्हणतील. नकाराची भाषा ऐकली तरी पुढचं कळतं.

सांडपाण्याचंही तेच. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) येतोच. तो चालवायला वीज, ऑपरेटर, पंपांची दुरुस्ती असा कायमचा खर्च असतो. हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की दोन दिवसांत वास सुटतो, मग कुणीतरी बायपास उघडतो आणि मैला नाल्यात जातो. साइट बघायला जाल तेव्हा आधी दिलेल्या टॉवरचा एसटीपी बघा. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला वापरतात; टाकीत येणारं ते पाणी पिवळट आणि वास येणारं असेल तर तो नीट चालत नाही.

चटईक्षेत्र

आता कोथरूडवाल्यांच्या आवडत्या विषयावर, पुनर्विकास. ‘जुना फ्लॅट घ्या, पाच वर्षांत रिडेव्हलपमेंट होईल आणि फुकटात मोठा मिळेल’ असं प्रत्येक एजंट सांगतो. ते पुष्कळदा खरं नसतं, आणि त्याचं कारण इमारतीसमोरच्या रस्त्याची रुंदी.

डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत बिगर-दाट वस्तीत मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) एफएसआयही नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर एकूण २.०० पर्यंत जाता येतं, १२ ते १५ वर २.२५. त्यावर निवासीसाठी ६० टक्के अँसिलरी (जिने, बाल्कन्या वगैरेंसाठीचं जादा क्षेत्र). म्हणजे १,००० चौरस मीटरच्या त्याच प्लॉटवर:

६ मीटर रस्ता: १.१ × १.६ = १,७६० चौरस मीटर
९ मीटर रस्ता: २.०० × १.६ = ३,२०० चौरस मीटर
१२ मीटर रस्ता: २.२५ × १.६ = ३,६०० चौरस मीटर

जुन्या इमारतीत जिने-बाल्कन्या धरून आत्ताच १,३००-१,४०० वापरलेले असू शकतात. ६ मीटरच्या गल्लीत बिल्डरला विकायला उरतं काय? साडेतीनशे ते साडेचारशे चौरस मीटर. त्यात सभासदांचं वाढीव क्षेत्र, दोन-तीन वर्षांचं भाडं, प्रीमियम आणि बांधकामखर्च निघत नाही. रस्ता ६ चा ९ करायचा तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडावं लागतं, आणि समोरची सोसायटी तयार नसली की घोडं अडतं.

एजंटच्या तोंडचं ‘रोड टच’ ऐकू नका. मंजूर नकाशा मागा, त्यावर रस्त्याची रुंदी लिहिलेली असते. विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीवर मर्यादा असते, तिचीही चौकशी करा. कोथरूडला एनडीएची धावपट्टी जवळ, वाघोलीला लोहगाव विमानतळ.

खरेदीखत

वरच्या प्रतिसादात भर. पुनर्विकासाच्या आशेनं घेताय तर सोसायटी आहे की अपार्टमेंट ते आधी विचारा. पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती खूप आहेत. तिथे प्रत्येक मालकाच्या नावावर डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त) स्वतंत्र नोंदवलेलं असायला हवं. विकणाऱ्याकडे नुसता बिल्डरबरोबरचा करारनामा असेल तर त्याला आधी डीड करून घ्यायला सांगा, मग व्यवहार.

सोसायटी असेल आणि कन्व्हेयन्स नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करता येतो, बिल्डरची सही लागत नाही. खराडीफाटा यांनी हा मुद्दा बरोबर काढला, पण ‘नाही म्हणजे बुडालं’ असंही नाही. अर्ज झालाय का, कुठल्या टप्प्यात आहे, सभेच्या इतिवृत्तात ठराव आहे का, एवढं बघून निर्णय घेता येतो.

पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती लागते, आणि बिल्डरकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी अपेक्षित आहे. ‘सगळ्यांची संमती आहे’ हे तोंडी सांगतात. ठराव दाखवा म्हटलं की सचिव गावाला गेलेले असतात.

हप्तेबंद

कुणीच पूर्ण खर्च मांडला नाही, म्हणून घ्या. दोन्हीकडे किंमत ९० लाख धरतो.

कोथरूड, जुना फ्लॅट: मुद्रांक ७ टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार (फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर ६ टक्के, ५ लाख ४० हजार). नोंदणी ३० हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार. ‘डोनेशन’ म्हणून लाखभर मागतात ते बेकायदा. जीएसटी नाही. बेरीज ९६ लाख ८५ हजार. दलाली आणि दुरुस्ती वेगळी, आणि दुरुस्तीत कंजुषी करू नका: गंजलेले जीआय पाइप, अर्थिंग नसलेली वायरिंग आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग हे तिन्ही राहायला जाण्याआधीच.

वाघोली, बांधकाम चालू: मुद्रांक आणि नोंदणी तेवढीच, वर जीएसटी ५ टक्के, ४ लाख ५० हजार. बेरीज १ कोटी १ लाख १० हजार. ४५ लाखांच्या आतल्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला पुण्यात १ टक्का लागतो, पण इथे किंमत वर जाते. मग दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स.

सगळ्यात मोठा खर्च जाहिरातीत नसतो. ७० लाखांच्या कर्जातले सरासरी ३५ लाख उचललेले धरले तर साडेआठ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ९७ हजार नुसतं व्याज. ताबा तीन वर्षांनी असेल तर नऊ लाखांच्या जवळ, आणि तोवर चालू घराचं भाडं वेगळं.

जुन्यालाही अडचण आहे. बँक इमारतीचं उरलेलं आयुष्य बघते, पस्तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीला वीस वर्षांची मुदत सहज मिळत नाही. मुदत कमी झाली की हप्ता वाढतो आणि पात्रता घसरते. टोकन देण्याआधी बँकेकडून त्या इमारतीचं मूल्यांकन करून घ्या. आणि किंमत ५० लाख किंवा त्यावर असल्यानं विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा. विसरलात तर नोटीस तुम्हाला येते.

खराडीफाटा

हप्तेबंद, हिशेब मान्य. पण मेट्रो कुठेच धरली नाहीत. वनाज-चांदणी चौक आणि रामवाडी-वाघोली या विस्ताराला जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी. यातलं बहुतांश वाघोलीच्या बाजूला आहे. कोथरूडला मेट्रो मिळून झाली, तो भाव किमतीत आधीच धरलाय. वाघोलीत अजून वाढायला जागा आहे.

कर्वेरोडकर

मंजुरी आणि गाडी यातलं अंतर याच मार्गानं दाखवलंय. भूमिपूजन डिसेंबर २०१६, वनाज ते गरवारे कॉलेज मार्च २०२२, रामवाडीपर्यंत पोचायला मार्च २०२४. विस्तारासाठी चार वर्षांचं उद्दिष्ट आहे. तेवढी वर्षं नगर रोडच्या मधोमध खांबांचं काम चालेल आणि बॅरिकेड लागतील. त्या काळात विकायची वेळ आली तर?

आणि भाव ‘वाढायला जागा’ असली तरी पुरवठ्यालाही जागा आहे. वाघोलीत पाच वर्षांनी फ्लॅट विकायला काढलात तर शेजारी त्याच बिल्डरचा नवा फेज उभा असेल, मुद्रांकशुल्क माफ आणि मॉड्युलर किचन मोफत अशा फलकांसकट. गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल?

चटईक्षेत्र

हा मुद्दा पटला. पण कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा फ्लॅट विकून दाखवा, मग बोलू.

नळस्टॉप

वाचून गोंधळ वाढला. आम्हा दोघांची ऑफिसं खराडीतच आहेत, मूल तीन वर्षांचं. बांधकाम चालू असलेलं नको, हे नक्की झालं. वाघोलीतच चार-पाच वर्षं जुनं, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) आलेलं घर घेतलं तर?

टँकरवही

वाघोलीत घ्यायचंच असेल तर हाच मार्ग बरा. भोगवटा मिळालेलं असेल तर जीएसटी जातो, व्याज-भाडं एकाच वेळी भरावं लागत नाही आणि पाणी-एसटीपी प्रत्यक्ष दिसतं. मात्र पूर्ण भोगवटा आहे की ठरावीक मजल्यांपुरता, ते तुमच्या फ्लॅटच्या क्रमांकासह तपासा. सोसायटी नोंदलेली आहे का बघा. महाराष्ट्रात ५१ टक्के घरं बुक झाल्यावर तीन महिन्यांत ती प्रक्रिया व्हायला हवी, तरी बिल्डर सगळे फेज संपेपर्यंत रेंगाळवतात. रेराच्या (स्थावर मालमत्ता कायदा) नियमानुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरची असते, तेव्हा गळती असेल तर ती मुदत संपायच्या आत लेखी तक्रार जाऊ द्या.

खरेदीखत

आणि शक्य असेल तर त्याच सोसायटीत आधी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून राहा. मधे एक मे महिना आला पाहिजे. ते जमत नसेल तर सचिवांकडे मागच्या बारा महिन्यांची टँकरची बिलं मागा. एप्रिल-मेची बिलं आणि ऑक्टोबरची शेजारी ठेवून बघा. फरक दुप्पट असेल तर किंमत तेवढी खाली आणा किंवा पुढची सोसायटी बघा. बिलं दाखवायला टाळाटाळ झाली तर विकणाऱ्याच्या मेंटेनन्सच्या पावत्या मागा. टँकरची रक्कम त्यात वेगळ्या ओळीत लिहिली आहे का ते बघा.