मदत हवी आहे: कुडल, नळदुर्ग, अक्कलकोट दोन दिवसांत कसे बसवावे?

डिसेंबरमध्ये सोलापूर मुक्कामी दोन दिवस, आठ जण, त्यात दोघे सत्तरीपुढचे. गाडी आपलीच.

पहिल्या दिवशी सकाळी भीमा-सीना संगमावरचे हत्तरसंग कुडल. शके 940, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर आहे. समोरून बॅटरी मारली तर अक्षरे सपाट दिसतात, काहीच लागत नाही; बाजूने तिरपा उजेड टाकला की खोदकामात सावली पडते आणि वाचता येते. तेव्हा बॅटरी हवीच. शेजारी 359 मुखांचे शिवलिंग आहे, तिथे अर्धा तास सहज जातो. परत येऊन डॉ. कोटणीसांचे स्मारक आणि संध्याकाळी सोलापूरचा भुईकोट किल्ला.

दुसऱ्या दिवशी नळदुर्ग, मग तिथूनच परस्पर अक्कलकोटचे शस्त्रागार. अडचण इथेच आहे. नळदुर्गात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल आणि उपळी बुरूज यांत अंतर बरेच, बुरुजाच्या पायऱ्याही उभ्या. नर-मादी धबधबे पावसाळ्यातच खरे, त्यामुळे त्यांच्यासाठी वेळ ठेवलेला नाही.

विचारायचे ते असे: ज्येष्ठांना पाणीमहाल दाखवून बुरूज गाळावा का? पाणीमहालात उतरताना पायऱ्या ओल्या असतात का, काठी लागेल का? शस्त्रागार दुपारी जेवणाच्या वेळेत बंद असते का, आणि सुट्टीचा वार कोणता? माचणूर (भीमाकाठचे सिद्धेश्वर मंदिर) पहिल्याच दिवशी घुसवले तर कुडलला घाई होईल असे वाटते. अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.