टेराफॉर्मिंग मार्स: पैसा भरपूर, गुण कमी. मदत हवी आहे

नमस्कार. जुळे सोलापुरात आम्ही तिघं दर रविवारी दुपारी टेराफॉर्मिंग मार्स हा मंगळ राहण्याजोगा करण्याचा बोर्ड गेम मांडतो: मी, वहिनी आणि अकरावीतला भाचा. पंखा लावला की पत्ते उडतात, बंद केला की आपण शिजतो. प्रीलूड वगैरे वाढीव संच नाहीत, मूळ डबाच, पण त्यातल्या कॉर्पोरेट एराच्या जादा पत्त्यांसकट.

सलग पाच डाव हरलोय, आणि पाचही वेळा तसाच. दर जनरेशनला, म्हणजे फेरीला, आलेले चारही पत्ते घेतो. प्रत्येकी तीन, म्हणजे १२ मेगाक्रेडिट (खेळातले पैसे) तिथेच गेले. पुढे कामाला येतील असं वाटत राहतं. पैशाचं उत्पादन वाढवतो, टायटॅनियम साठवतो, गुरूच्या खुणेचे पत्ते जपून ठेवतो. आठव्या जनरेशनला कुठे गाडी वेग घेते, आणि तेवढ्यात वहिनी डाव संपवतात!

त्या काहीच साठवत नाहीत. आठ उष्णता जमली की तापमान वर. हातात १४ मेगाक्रेडिट राहिले की ते मोजून लघुग्रह आदळला, तापमान आणखी वर. दर पायरीला टीआर (टेराफॉर्म रेटिंग) एकाने वाढतो, तोच पुढच्या प्रत्येक जनरेशनला एक मेगाक्रेडिट देतो आणि शेवटी एक गुणही. ३५ टीआर झाला रे झाला की ८ टाकून टेराफॉर्मर माइलस्टोन, म्हणजे आधी गाठेल त्याला गुण देणारा टप्पा, त्यांचा. सगळ्यांत मिळून माइलस्टोन तीनच, उरलेले बहुतेक भाचा उचलतो. (बिल्डर माइलस्टोनला इमारतींच्या आठ खुणा लागतात. माझ्या एकदा सात होत्या. सात!) पैशाचं उत्पादन सर्वांत जास्त असणाऱ्याचा बँकर अवॉर्ड मला मिळतो खरा, पण तो मी तिसरा, म्हणजे २० मोजून उघडतो आणि हातात येतात पाच गुण.

डाव संपायला एकूण किती पायऱ्या लागतात, याचा शेवटी हिशोब मांडला. तापमान उणे ३० पासून अधिक ८ पर्यंत १९ पायऱ्या, ऑक्सिजनच्या १४, महासागर ९. एकूण ४२, आमच्या मे महिन्याचा आकडा! परवाच्या डावात त्यातल्या मी फक्त सात चढलो.

आता नेमकं विचारायचंय ते असं. तिघांच्या डावात उत्पादन वाढवणं साधारण कितव्या जनरेशनला थांबवावं? चारातले किती पत्ते ठेवता, आणि ज्याचे पैसे या जनरेशनला नाहीत तो पत्ता घेता का? वहिनींसारखं कुणी पळत सुटलं तर आपणही त्यांच्यामागे पळायचं, की शहरं आणि त्यांना लागून हिरवळ लावून गुण काढायचे? भाचा म्हणतो पत्ते ड्राफ्ट करून, म्हणजे एकेक निवडून बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवत, खेळू. त्याने मला फायदा होईल की डाव नुसताच लांबेल?

शेवटच्या उत्पादनानंतर उरलेल्या झाडांची हिरवळ लावता येते, हे आम्हाला परवाच कळलं. ते कृपया नव्याने सांगू नका.

रविवारच्या आत उत्तर मिळालं तर बरं. हरणाऱ्याने शेंगांची चटणी आणायची असा नियम आहे, आणि दुकानदार आता मला बघूनच पाव किलो तोलायला घेतो.